गाडी वाढवली

दसरा येतो त्याच सुमाराला लीड्समध्ये गाडी आत ठेवायची वेळ होते. आपल्याकडे त्या दिवशी गाड्या धुतात, हार घालतात आणि एक चक्कर मारून आणतात. आमच्याकडे धुतात, हार घालतात आणि मार्चपर्यंत गोधडीत गुंडाळून ठेवतात. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाडी गंजते. ह्यांचं ब्लडप्रेशरही मिठाने वाढतं. त्यामुळे आमच्या घरात मिठाबद्दल कुणी चांगलं बोलत नाही.

गाडी म्हणजे जुनी काळी मोटरसायकल, किक मारून सुरू होणारी. ह्यांनी रिटायर झाल्यावर घेतली. त्याआधी हे हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. इतकी वर्षं लोकांची मोडलेली हाडं बघितलेल्या माणसाने मोटरसायकल घ्यावी, हे आमच्या मुलीला अजून पटलेलं नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात ह्यांचं मनगट मोडलं. त्यात गाडीचा काही दोष नव्हता. गाडी अंगणात स्टँडवर उभी होती आणि हे तिच्या शेजारी ओल्या पानांवर उभे होते. दोघांपैकी हे पडले. पण लंडनजवळच्या हॅरोहून मुलीचा फोन आला तो गाडीबद्दलच.

"बाबा, तो गाडी विकून टाका."

"ती गाडी," हे म्हणाले.

"तो, ती, काय असेल ते. विका."

मुलगी इथेच जन्मली. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत वस्तू आज बाई असतात आणि उद्या पुरुष.

गाडी विकायला नको होती ती मला. ह्यांच्यापेक्षा जास्त. पण का नको, ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला लोकांसमोर बोलायला जमत नाही. दुकानात गेले की वस्तू काउंटरवर ठेवते आणि हसते. हळदीकुंकवाला गेले तरी गाणं म्हणायची वेळ आली की मी भांडी घासायला उठते. पण गाडीवर मागे बसले, हेल्मेटची काच खाली ओढली की मला कुणी बघत नाही. इंजिनाचा आवाज, वाऱ्याचा आवाज. त्यात मी भोंडल्याची गाणी म्हणते. हळू नाही, चांगली मोठ्याने. गाडी गेली असती तर मी कुठे गायले असते?

दसऱ्याच्या दिवशी ह्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. हे गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले आणि मी पान्याला हात घातला. शेजारचे गोरे म्हातारे डब्यातून पेट्रोल घेऊन आले आणि टाकी काठोकाठ भरून गेले. रिकामी टाकी आतून गंजते म्हणे.

"आता प्लग काढ," हे म्हणाले.

"निघत नाही."

"उलटा फिरवतेस."

"मग सरळ सांगायचं ना."

प्लग निघाला. हे म्हणाले, "त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोड."

"कुठला चमचा? चहाचा की पोह्याचा?"

हे विचारात पडले. तिथे स्वयंपाकघरातलं कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. "चहाचा," म्हणाले. मग मी तेल सोडलं, हाताने किक हळूहळू दाबून ते आतून सगळीकडे लागू दिलं आणि प्लग परत बसवला. चेनला तेल लावलं. बॅटरी काढून घरात नेली, कारण बॅटरीला थंडी बाधते. ती जिन्याखाली तांदळाच्या डब्याशेजारी ठेवली.

शेवटी सायलेन्सर. त्यात उंदीर जाऊन बसतात. हे म्हणाले, "जुनं कापड कोंब. आणि एक टोक बाहेर लोंबू दे. मार्चमध्ये काढायला विसरू, तर दिसायला पाहिजे."

मी चिंध्यांची पिशवी आणि लाटणं आणलं आणि हाताला लागलं ते कापड कोंबलं. तो माझा जुना मोहरी रंगाचा ब्लाऊज निघाला, मला आता न होणारा. तेवढ्यात शेजारचे म्हातारे रिकामा डबा न्यायला आले. गाडीच्या मागून माझ्या ब्लाऊजची बाही हुकांसकट लोंबत होती. त्यांचं लक्ष जायच्या आत मी लाटण्याने ती सगळी आत ढकलली.

हे टायरमधली हवा बघत होते.

मग मी दिव्याच्या काचेला हळदकुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला आणि वरून गोधडी घातली. प्लॅस्टिकखाली गाडीला घाम येतो. हात धुतले आणि मुलीला मेसेज केला, "आज गाडी वाढवली."

पाच मिनिटांत फोन.

"आई, किती वाढवली?"

"सगळी."

"सगळी? बाबांना माहितीय?"

"त्यांनीच सांगितलं. त्यांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी केलं."

"तू केलं? कशाला पण?"

"थंडी आली ना."

ती म्हणाली, "मी शनिवारी येते. काही करू नका."

शनिवारी ट्रेनने आली ती तडक गॅरेजमध्ये गेली. गोधडीभोवती एक फेरी मारली. "मोठा कुठे आहे?"

"मोठा कोण?" ह्यांनी विचारलं.

"तो मोठा गाडी. आईने लिहिलं, वाढवली. इंजिन मोठा केला, नाहीतर नवीन घेतला."

हे इतके हसले की प्लास्टरचा हात धरून खाली बसले. समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, अगं, वाढवली म्हणजे आवरून ठेवली. दुकान रात्री वाढवतात. हातातली बांगडी फुटली तर फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. देवापुढचा नारळ वाढवतात.

"म्हणजे संपलं की वाढलं म्हणायचं? तुम्ही सगळं उलटं बोलता."

"संपलं म्हणवत नाही म्हणून. परत हवं असतं ना."

तिने माझ्याकडे जरा बघितलं, पण आली होती भांडायला, त्यामुळे भांडून घेतलं. गाडी जुनी आहे, बाबांचं वय झालंय, मनगट परत मोडलं तर काय. शेवटी गोधडीवर हात ठेवून तिने निकाल दिला. "मार्चमध्ये मी येते. तीन किक. तीनमध्ये चालू झाला तर ठेवा. नाही झाला तर त्याच दिवशी विकायला लावायचा."

"झाली," हे म्हणाले.

"काय झाली?"

"चालू झाली तर. ती."

"बाबा."

हिवाळाभर मी घरात मुकी होते. आमच्या भिंती पातळ, आणि पलीकडे शेजारचे म्हातारे. अधूनमधून गॅरेजमध्ये जायचे, चाक थोडं फिरवायचे आणि परत यायचे.

मार्चच्या त्या रविवारी ऊन होतं. मुलगी आदल्या दिवशीच आली होती. ह्यांचं मनगट सरळ झालं होतं. बॅटरी बसवली, गाडी अंगणात काढली. शेजारचे म्हातारे चहाचा मग घेऊन आमच्या फाटकात येऊन उभे राहिले. इतक्या माणसांसमोर मी दाराच्या चौकटीत होते, अर्धी आत.

ह्यांनी किक मारली. काही नाही.

"एक," मुलगी म्हणाली.

हे खाली वाकले, पेट्रोलचा कॉक बघितला, परत किक मारली. गाडी खोकली, गुदमरल्यासारखी झाली आणि बसली.

"दोन."

ह्यांचा चेहरा उतरला. प्लग, तारा, परत कॉक. माझं लक्ष त्या गुदमरण्याकडे होतं. आणि मग मला मोहरी रंग आठवला.

म्हातारे सायलेन्सरपासून दोन हातांवर उभे होते. मला वाटलं, आता कसं काढू, ते गेल्यावर काढू. पण ते जायच्या आत तिसरी किक झाली असती.

"थांबा," मी म्हटलं. शब्द इतक्या जोरात निघाला की म्हाताऱ्यांच्या मगातला चहा हिंदकळला.

मी आतून चिमटा आणला आणि अंगणात गुडघे टेकले. आधी हुक आले. मग एक बाही. मग पाठ, मग दुसरी बाही, काळी झालेली. म्हाताऱ्यांनी मान वर करून ढगांकडे बघितलं. आकाशात एकही ढग नव्हता. बहुतेक पाऊस येईल, असं ते म्हणाले.

मुलीने वाकून बघितलं. "आई, हा तुझा ब्लाऊज आहे?"

'हा' बरोबर होतं. तेवढंच बरोबर होतं त्या सगळ्यात.

"टोक बाहेर ठेव म्हटलं होतं," हे म्हणाले.

"शेजारचे बघत होते," मी म्हटलं.

मुलगी ब्लाऊजकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचा आवाज खाली आला. "आई, तुला एवढी हवी होती ती?"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हो."

तिसरी किक ह्यांनी मारली. निळा धूर आला, चमचाभर तेलाचा, आणि गाडी सुरू झाली. मुलीने तीन म्हटलं नाही. ती घरात गेली आणि माझं हेल्मेट घेऊन आली.

आम्ही गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. ब्लाऊज माझ्या कोटाच्या खिशात होता. पुढच्या दसऱ्याला लागेलच. सहा महिन्यांनी काच खाली ओढली आणि मी गाणं सुरू केलं, ते लांबलचक, ज्यात सासरची माणसं एकेक करून येतात. सासू झाली, सासरा झाला. सिग्नलला गाडी थांबली तशी मी थांबले.

ह्यांनी मान थोडी मागे वळवली. "सप्टेंबरात नणंदेपर्यंत आली होतीस. तिथून घे की. परत सासूपासून कशाला?"

माझे कान तापले. म्हणजे इतकी वर्षं ह्यांना सगळं ऐकू येत होतं.

हिरवा दिवा लागला. नणंदेनंतर जाऊबाई होती. मी तिला घेतलं, पहिली ओळ जरा हळू आवाजात.