तुळजोजीराव आणि दोन राउटर

तुळजोजीराव आमच्या घरात आले ते धापा टाकत, ओरडतच. चपला काढायच्या आधीच त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "अय्यो, याला कुंकू कुणी लावलं?"

आयुधपूजेला म्हैसुरात स्कूटरपासून कात्रीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. कुवेंपुनगरात राहून आम्हीही ते शिकलो होतो. बायकोने दोन्ही राउटरना हळद-कुंकू वाहून झेंडूची माळ घातली होती. "त्याला श्वास घ्यायचा असतोय! फूल बाजूला ठेवा, डोक्यावर नको," असं म्हणत त्यांनी माझाच टूथब्रश मागून घेतला आणि हवेच्या भोकांतलं कुंकू झाडायला बसले. माझं डोकं फिरलं होतं, पण गरज माझी होती.

बाबांच्या शेवटच्या दुखण्यात मी साताऱ्याला वेळेवर पोचलो नाही, म्हणून दादाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. फोन उचलायचा नाही. फक्त रविवारी सकाळी आम्ही आपापल्या घरून कन्सोलवर एकाच संघातून फुटबॉल खेळायचो, तेही मुक्याने. दोन वर्षांनी तो हेडफोनवर बोलू लागला आणि नेमका आवाज दोन्हीकडून तुटायला लागला. "बोलायचं नसेल तर तसं सांग," एवढं लिहून तो खेळातून निघून गेला. इंटरनेट कंपनीला फोन करावा तर एकच उत्तर, राउटर बंद करून चालू करा, सर. त्या 'सर'चाही मला तिटकारा आला होता.

शेवटी शेजाऱ्यांनी तुळजोजीरावांचं नाव सुचवलं. हे टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात आलेले. घरात अजून मराठी, पण कन्नडमध्ये भिजलेली. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मी त्यांचा 'सातारकर'.

"ओ सातारकर, हे एक खोकं कंपनीचं, हे दुसरं तुम्ही हौसेनं आणलेलं. दोघंही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतायत. एका लग्नात दोन आचारी! भावाचा आवाज पहिल्यापाशी येऊन थांबतोय, आत कोण नेणार?"

मग त्यांनी कंपनीला फोन लावला, कन्नडमध्ये वीस मिनिटं भांडले आणि मला कधीच न मिळालेला लॉगिनचा पासवर्ड काढून घेतला. कंपनीच्या खोक्याला नुसतं वाट देण्याचं काम ठेवलं. पत्ते वाटायचे ते माझ्या राउटरने. कन्सोलला कायमचा पत्ता दिला, वायफाय सोडून वायर जोडली. प्रत्येक बदल माझ्याकडून वहीत लिहून घेतला. अक्षर वाईट आलं तर खोडायला लावलं. "सुम्ने, उगाच बटण दाबायचं नाही. आधी बघ, मग हात. मी काय रोज तीन मजले चढू?"

त्या रविवारी दादा म्हणाला, "येतोय आवाज." पुढे महिनोन्‌महिने आम्ही पास दे, मागे बघ, एवढंच बोललो. बाबांचा विषय दोघांनीही काढला नाही.

तुळजोजीराव उन्हाळ्यात गेले. हिनकलला त्यांच्या मुलीकडे भेटायला गेलो तेव्हा कळलं, डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला केव्हाच बंदी केली होती. मी तिथेच चिडलो. सांगायला काय झालं होतं या माणसाला? मग आठवलं, ते आल्यापासून धापा टाकत होते आणि मी टूथब्रशवरून धुसफुसत होतो. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तो राग अजून उतरलेला नाही.

गेल्या रविवारी खेळ रंगात असताना कंपनीचा माणूस आला. "बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं रिसेट करतोय, सर," म्हणत त्याने खिशातून पिन काढली आणि खोक्याच्या भोकाशी नेली. सगळी मांडणी क्षणात पुसली गेली असती.

"कै तेगी!" मी ओरडलो. हात काढ. "सुम्ने दाबायचं नाही! आधी बघ, मग हात!"

त्याच्या हातून पिन पडली. माझा माइक चालूच होता. मी वाकून खोक्याचे दिवे तपासले. मला वाटलं, आवाज पुन्हा तुटला.

"कुणावर ओरडतोयस?" दादा म्हणाला. "अगदी बाबांसारखा."

मी कंट्रोलर खाली ठेवला आणि त्याला तुळजोजीरावांबद्दल सांगायला लागलो. मग तो बाबांबद्दल बोलला. आमच्या संघाने चार गोल खाल्ले.