धवल्यात आलेलं नाव

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हे. आमच्या शेणवे गावाच्या बाजूला प्रत्येक ओढ्याला एक भूत असतं आणि प्रत्येकाचा एक तरी काका त्याला भेटलेला असतो... अशांना मी ‘मग बसायला पाट दिलात का?’ विचारून गप्प करायचे. तरी आज लिहितेय.

२००३ च्या सुमाराची गोष्ट. शहापूरला एका इन्स्टिट्यूटमध्ये मी मल्टिमीडियाचा कोर्स करत होते. शेवटी प्रोजेक्ट म्हणून सीडी बनवायची होती. मी विषय घेतला – आगरी लग्न. फोटोवर क्लिक केलं की त्या विधीचं गाणं वाजणार. साउंडचं काम मला भारी आवडायचं. स्टुडिओ म्हणजे काय, तर मागची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि रेकॉर्डिंग करताना पंखा बंद. घामानं जीव जायचा, पण आवाज स्वच्छ यायचा.

आमच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते तेव्हाच लग्न लागतं. माझी सख्खी मावशी, आईची थोरली बहीण, हीच धवलारीण. तिला विचारलं तर म्हणाली, “लगीन नाय तं धवला कुनाच्या घरचा म्हनू गो? धवला हवेत नाय सोडत.”

कारण धवल्यात पहिलं आवतण देवांना, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन मांडवाला बोलवायचं. म्हणून घर लागतंच. मी पटकन म्हटलं, “मग आपल्याच घरचा म्हण.”

आई तिथंच होती. ती तांदूळ निवडत राहिली.

इथं सुनीलदादाचं सांगायला हवं. माझा थोरला भाऊ. वाशिंदची नोकरी सुटल्यावर ट्रकवर क्लीनर म्हणून गुजरातकडे गेला, तो परत आलाच नाही. चिठ्ठी नाही, फोन नाही. दोन-तीन वर्षं झाली होती. कुणी विचारलं की आई म्हणायची, “येल.” तेवढंच. कुणी हळू आवाजात सांत्वन करायला लागलं, तर उठून आत जायची.

तर मावशी आणि आई दोघी शहापूरला आल्या. मावशीनं माइकसमोर आधी हळदीकुंकू वाहिलं, दिवा लावला आणि मग गायली. आई तिच्या शेजारी बसलेली. मी हेडफोन लावून शब्दन् शब्द ऐकत होते. देव झाले, मग आमचा आजोबा, आजी, शेवटी बाबा – “मांडवाला या”. बाबांचं नाव मी डोळे मिटून ऐकलं, म्हणून ते पक्कं लक्षात आहे. त्यानंतर लगेच शेवटचं कडवं. लगेच त्याची एक कॉपी सीडीवर काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकेक नाव कापून वेगळी क्लिप करत होते. बाबांची क्लिप केली. पुढं शेवटचं कडवं यायला हवं होतं. स्क्रीनवर मध्ये आणखी एक ओळ दिसत होती. मी प्ले केलं.

“सुनील बाला, मांडवाला ये रं...”

मावशीचा आवाज. तीच चाल, तोच दम. कोर्सच्या सरांना हाक मारली, त्यांनीही ऐकलं. म्हणाले, “अगं, गायली असेल, तुझं लक्ष नसेल.” लक्ष नसेल? जिवंत माणसाला गेलेल्यांच्या पंगतीत बसवलं आणि माझं लक्ष नसेल?

मावशीला फोन लावला. तिनं ती ओळ माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली. मग म्हणाली, “मी नाय घेतलं. देवाशपत नाय. आसं नाव मी माज्या त्वांडानं घेन का गो?”

आईला हे कळलं तर ती जगणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी ती ओळ सिलेक्ट केली, डिलीट केली, सेव्ह केलं.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी आई आली. हेडफोन लावून तिनं सगळं ऐकलं. आजोबा, आजी, बाबा. मग हेडफोन काढले आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली,

“सुनीलचं नाव क्याला काडून टाकलंस?”

“तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“तवाच आयकलं मी,” ती म्हणाली. “ताईनं घेतलं, तू काय बोलली नाय. मना वाटलं, त्याचं काय झालं त्ये तुमा दोगींना म्हाईत हाय.” मग हेडफोन माझ्याकडे सरकवून, “परत घाल. बाप जेवाया बसलाय, तं त्यालाबी बोलव.”

मी धावत जाऊन आधी काढलेली कॉपी लावली. त्यात ती ओळ नव्हती. बाबांच्या नावानंतर सरळ शेवटचं कडवं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. म्हणजे होती तेवढी एकच... आणि ती मी पुसली होती. मला रडू फुटलं.

आई उठली. आयुष्यात कधी चारचौघांत गायली नव्हती ती. मागच्या खोलीत जाऊन माइकसमोर मांडी घालून बसली. म्हणाली, “लाव तुजा डबा.” सरांनी न सांगताच पंखा बंद केला.

तिनं गायलं. आवाज चिरका, चालही चुकली, पण नाव नीट घेतलं. दादा गेल्यापासून ‘येल’ म्हणणाऱ्या माझ्या आईनं त्याला गेलेल्यांच्या रांगेत बोलावलं, आणि मग माइकसमोरच ओरडून रडली. मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही.

दादाचं काय झालं ते आजही कळलेलं नाही. ती ओळ कुठून आली, आईनं ती तेव्हाच कशी ऐकली, मला का ऐकू आली नाही, हे कुणाला सांगता येत असेल तर सांगा. माझ्याकडे फक्त आईची ओळ आहे. घरात लग्न निघालं की ती लावतो.