फोटोतल्या सासूबाई

मालिका बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हा प्रॉडक्शनमधून फोन आला. "ताई, दिवाळीसाठी टेलिफिल्म करतोय. आपलं जुनं कुटुंब परत एकत्र. हलकंफुलकं, सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं. आणि शूटिंग तुमच्या पनवेललाच आहे, म्हणजे तुम्हाला गाडी पाठवायला नको." शेवटचं वाक्य तो माझ्यावर मेहेरबानी केल्यासारखं बोलला.

मी त्या मालिकेतली मधली सून. महाराष्ट्र जेवायला बसायचा त्या वेळेला आम्ही टीव्हीवर भांडायचो. सासू रडवायची, थोरली सून रडायची आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहून ऐकायचे. मालिका संपल्यावर कामं आटली. मी अंधेरीची भाड्याची खोली सोडून नवीन पनवेलला आले, कारण इथे स्वतःचं घर घेणं जमण्यासारखं होतं. बाजारात उरणहून मासळी घेऊन येणारी एक कोळीण मला बघितलं की हाक मारायची, "ओ मधल्या सूनबाई! ती तुमची सासू जिती हाय का अजून? आमी लय शिव्या घातल्यात तिला." मी म्हणायचे, आहे. "मंग काय खरं नाय," असं म्हणून ती माझ्यापुढे पापलेटं धरायची.

सासूचं काम करणाऱ्या बाईंना सेटवर सगळे आई म्हणायचे. त्या नाटकातून आलेल्या, आवाज खणखणीत. आमच्यासारख्या नवख्या मुलींची त्यांना चीड होती. थोरल्या सुनेचं काम करणारी मुलगी तेव्हा जेमतेम विशीतली, पहिलीच मालिका. एका भागात सासू तिच्या थोबाडीत मारते असा प्रसंग होता. अशा वेळी हात गालाजवळून नुसता न्यायचा आणि आवाज नंतर घालायचा, अशी पद्धत. आईंनी खरंच मारली. डावा गाल आणि कान, दोन्हीवर बसली. दिग्दर्शक खूश. पण कॅमेऱ्याचा कोन चुकला म्हणून परत घ्यायचं ठरलं, आणि आईंनी परत तितक्याच जोरात मारली. मग आणखी एकदा, दुसऱ्या बाजूने चित्रीकरण म्हणून. मी बर्फ रुमालात बांधून तिच्या कानाला लावला. संध्याकाळी ती म्हणाली, "कानात शिट्टी वाजतेय गं." आठवडाभर चॅनेलने ती थोबाडीत दर दहा मिनिटांनी दाखवली.

त्यानंतर थोरली सून मोठी होत गेली. सिनेमे केले, नाचाच्या कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली. दिवाळीच्या या टेलिफिल्ममध्ये तिचे स्वतःचे पैसे होते. गोष्ट काय घ्यायची हेही तिनेच ठरवलं होतं. हे मला मेकअपला बसल्यावर कळलं.

बंगला विचुंबे गावाच्या पलीकडे होता, दुबईला राहणाऱ्या एका कुटुंबाचा, एरवी कुलूप घातलेला. आजूबाजूला नव्या इमारतींची कामं चालू होती आणि काँक्रीट कालवण्याचं यंत्र मध्येच गुरगुरायचं, म्हणून साउंडवाला सारखा कपाळाला हात लावायचा. आई आल्या त्या खारघरहून, मुलाच्या गाडीने. मुलगा त्यांना फाटकाशी उतरवून लगेच गेला. त्या स्वतःची पैठणी नेसून आल्या होत्या, नथ घालून. चेहरा उतरला होता, पण चाल तीच. थोरली सून पुढे झाली, वाकून पाया पडली.

"या आई. किती वर्षांनी!"

"मला स्क्रिप्ट नाही पाठवली कुणी," आई म्हणाल्या.

"तुम्हाला काय गरज आहे स्क्रिप्टची?"

आईंना ते कौतुक वाटलं. त्या बसल्या, पावडर लावून घेतली. थोड्या वेळाने सहायक दिग्दर्शिका एक मोठी रिकामी फ्रेम आणि चंदनाचा हार घेऊन आली. आईंनी तो हार बघून विचारलं, "सासरे गेलेत वाटतं? कुणाचा फोटो लावताय?"

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. शेवटी थोरली सूनच आरशातून म्हणाली, "फोटो तुमचा आहे, आई. तुम्ही गेलात. वर्षसुद्धा झालं. तीच तर सगळी गंमत आहे."

गोष्ट अशी होती: सासूबाई वारल्यावरची दुसरी दिवाळी. थोरली आणि मधली, दोघी सुना कधी नव्हे त्या मोकळ्या, करंज्या जाळतायत, दागिने वाटून घेतायत. कुणी खोटं बोललं की भिंतीवरचा सासूबाईंचा फोटो धाडकन पडतो. आणि एकदाच, फक्त थोरलीला ऐकू येईल असा, फोटो बोलतो: "दिवा लावलास का गं?" आईंना एवढं एकच वाक्य होतं, तेही कॅमेऱ्यात न दिसता.

मला वाटलं, उठून जातील. त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला आणि विचारलं, "फोटोत हसायचं की नाही?"

अंगणात पांढरा पडदा लावून फोटो काढला. फोटोग्राफर म्हणाला, "आई, थोडं कमी हसा." त्यांनी कमी केलं. "अजून थोडं कमी." मागे उभ्या असलेल्या लाइटवाल्यांपैकी कुणीतरी खुसखुसलं. थोरली सून व्हरांड्यात ग्रीन टी पीत हे सगळं बघत होती.

दुपारपूर्वी तो बोलण्याचा प्रसंग घेतला. थोरलीने फोटोपुढे करंज्यांचं ताट घेऊन उभं राहायचं, आवाज आला की दचकून ताट सोडायचं. आवाज आईंनी कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून द्यायचा.

"आईंना माझ्या डावीकडे उभं करा," थोरली म्हणाली.

आई डावीकडे उभ्या राहिल्या. "दिवा लावलास का गं?"

थोरली ढिम्म. ताट हातात तसंच.

"कट. काय झालं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मला ऐकूच आलं नाही."

परत घेतलं. आई मोठ्याने बोलल्या. थोरलीने मान हलवली, नाही. पुन्हा. बाहेरचं यंत्र सुरू झालं, थांबलं, पुन्हा. पहिल्यांदा लोक हसत होते, मग कुणी हसेना. तिला डाव्या कानाने कमी येतं हे युनिटला ठाऊक होतं, पण एक कान गेला म्हणून खोलीतली आरोळी ऐकू येत नाही असं होत नाही, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. पण तिचेच पैसे होते, म्हणून दिग्दर्शक पायाने जमिनीवरची वायर सरळ करत बसला. आई ओरडून ओरडून लाल झाल्या होत्या. त्या आवाजाने कधीकाळी शेवटच्या रांगेपर्यंत नाट्यगृह भरायचं. आता "लावलास" म्हणताना तो फाटत होता.

"अजून थोडं मोठ्याने, आई," थोरली गोड आवाजात म्हणाली. "या कानाने मला येत नाही ऐकू."

"कधीपासून?"

"तुम्ही मारलीत तेव्हापासून."

"मग सांगायचं नाहीस का तेव्हा?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, दुसरा आहे ना."

यंत्रसुद्धा नेमकं बंद होतं. आईंनी पदर सारखा केला. खरंच आठवून बघत असाव्यात तसं थोडा वेळ जमिनीकडे बघितलं.

"म्हटलं असेन," त्या म्हणाल्या. "चला, घेऊ या परत."

परत घेतलं. या खेपेला आवाज फुटलाच नाही, नुसता घोगरा श्वास बाहेर आला. थोरली दचकली, ताट पडलं, करंज्या फरशीभर झाल्या. फार सुंदर दचकली. "ओके," दिग्दर्शक म्हणाला. "आवाज आपण नंतर डबिंगला बघू."

जेवायला आई माझ्याशेजारी बसल्या. मला त्यांची दया येत होती आणि काहीतरी बरं बोलावं म्हणून मी शब्द शोधत होते. त्यांनीच सुरुवात केली.

"तुला मी कधी मारलं नाही, नाही का?"

"नाही, आई."

"तुझ्यावर क्लोजअप नसायचा ना. उगाच हात कशाला दुखवायचा." मग त्यांनी माझ्या ताटात बघितलं. "तुला शुगर आहे म्हणे." आणि माझा गुलाबजाम उचलून खाल्ला.

माझी दया तिथेच संपली. इतकी वर्षं मी समजत होते की मला त्यांनी सांभाळून घेतलं.

पॅकअपला सगळं युनिट फाटकाशी जमलं. थोरली परत वाकून पाया पडली. तिच्या घटस्फोटाची बातमी त्याच वर्षी सगळ्या पेपरांत येऊन गेली होती. तिचा मुलगा कुणाकडे राहणार यावरून कोर्टात वाद चालू होता, तेही छापून आलं होतं. आईंना ते माहीत नसणं शक्य नव्हतं, त्या पेपर पहिल्या ओळीपासून वाचायच्या. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घशात उरलेल्या सगळ्या आवाजानिशी आशीर्वाद दिला, "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव!"

थोरली वाकलेलीच राहिली. सरळ झाली तेव्हा काजळ गालावर आलं होतं. मेकअपवाली धावली, पण आता शूटिंग संपलं होतं, पुसून काय करणार. ती गाडीत बसली आणि काच वर केली.

टेलिफिल्म पाडव्याला दाखवली. आमच्या सोसायटीतल्या बायका माझ्या घरी फराळाला आल्या होत्या. फोटो पहिल्यांदा पडला तेव्हा घर हास्याने दणाणलं. मीही हसले. खोटं कशाला बोलू, जमलं होतं. मग तो प्रसंग आला. "दिवा लावलास का गं?" खणखणीत, करडा, अगदी त्यांचा. शेजारीण म्हणाली, "बाईंचा आवाज अजून काय आहे हो!"

दुसऱ्या दिवशी आईंचा फोन आला. मी कशी आहे, दिवाळी कशी झाली, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"माझा आवाज कुणी दिला?"

मला माहीत होतं. डबिंगच्या दिवशी मी माझी वाक्यं द्यायला गेले होते आणि काचेच्या पलीकडे कोण उभं होतं हे डोळ्यांनी बघितलं होतं. 'कल्पना नाही' म्हणता आलं असतं. मला ते म्हणायचं नव्हतं.

"तिनेच दिला, आई. थोरलीने. एकाच टेकमध्ये."

पलीकडे, त्यांच्या मागे, कुणीतरी कुकर उतरवत होतं, त्यांची खरी सून असावी. ती काहीतरी तुटक बोलली आणि आईंनी तिला उत्तर दिलं नाही.

"'लावलास' मधला 'ला' बरोब्बर ओढलाय," त्या शेवटी म्हणाल्या. "तुला कधी जमला नसता."

आणि फोन ठेवला.