पत्र्याच्या पलीकडे नवरा

लग्नाला चार महिने झाले होते आणि नवरा मला माहेरी पाठवायला निघाला होता. भांडणबिंडण काही नव्हतं. रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली होती, आणि ह्यांच्या बँकेने विषारी वायूचा मास्क फक्त कर्मचाऱ्याला दिला होता. बायका बहुधा श्वास घेत नसाव्यात. एक मास्क दोघांनी कसा लावायचा यावर आम्ही दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी ह्यांनी मुंबईचं तिकीट काढलं. माझं एकटीचं. मला न विचारता. घरातल्या पडद्यांचा रंगही त्यांनी असाच ठरवला होता, पण पडदे मी चालवून घेतले होते.

मला जायचं नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं का? छे! चार महिन्यांत नवऱ्याला ‘नाही’ म्हणायचा सराव कुठून असणार?

तिकीट शहराच्या ओलाया भागातल्या विमान कंपनीच्या ऑफिसात जाऊन पक्कं करायचं होतं, तेही दुपारच्या अजानच्या आत. अजान झाली की काउंटर बंद, आणि सीट रांगेतल्या पुढच्या माणसाला. निम्मे टॅक्सीवाले लढाईला भिऊन जेद्द्याला पळालेले, म्हणून आम्ही मलाझमधल्या आमच्या घरापासून बस धरली.

तिथल्या बसमध्ये बायकांचा कप्पा अगदी मागे, दार वेगळं, आणि पुरुषांच्या नि आमच्या मध्ये पत्र्याची भिंत. हे पुढच्या दाराने चढले, मी अबायाचा काळा झगा सावरत मागच्या. मला पुढचं काही दिसायचं नाही, म्हणून आमची एक खूण होती. थांबा आला की ह्यांनी पत्र्यावर तीनदा ठोकायचं आणि मी उठायचं. चार महिने आमचा संसार बसमध्ये असाच चालला होता.

कप्प्यात एकच इजिप्तची बाई होती, मांडीवर भलामोठा कोबी घेतलेली. तिने मला भोपळ्याच्या भाजलेल्या बिया दिल्या. ती अरबीत बोलत होती, मी मराठीत, आणि आमचं झकास जमलं. “बाई, मला नाही हो जायचं,” मी तिला सांगून टाकलं. “यल्ला, यल्ला,” म्हणत तिने आणखी मूठभर बिया दिल्या. कुणाला तरी सांगितल्यावर मला एकदम जोर चढला. ठरवलं, ह्यांना कितीही ठोकू दे, मला ऐकूच येणार नाही! स्वतःच्या धिटाईचं मला हसू फुटलं. कारण माहीत नसताना ती बाईही हसायला लागली, कोबी गदगदा हलायला लागला.

ओलायाच्या काचेच्या इमारती आल्या. मी श्वास रोखला. बस थांबली. सुटली. पत्रा गप्पच!

आता मात्र मी पत्र्याला कान लावला. हे मला विसरून उतरले की काय? माझं नाव त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, आणि इकामा त्यांच्या खिशात. कुणी हटकलं तर दाखवायला माझ्याजवळ बिया होत्या. तरी मेलं हसू थांबेना.

शेवटच्या थांब्यावर कोबीवाली उतरून गेली. मी उतरले, आणि त्याच बसच्या पुढच्या दारातून हे उतरले.

“तू उतरली का नाहीस?” हे गरजले.

“तुम्ही ठोकलंत कुठे?”

“माझा... डोळा लागला.”

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. ह्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि कान लाल झाले होते. मला इतकं हसू आलं की मी बसच्या चाकाला टेकले. मग तेही हसायला लागले, आणि एकदम थांबले.

समोर एक टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर पठाण. मी मागे बसले, हे पुढे.

“ओलाया जाओगे? अजान से पहले पहुँचा दूँगा,” ह्यांच्या हातातलं तिकीट बघून तो म्हणाला.

गाडी चालू, ड्रायव्हर वाट बघतोय, आणि हे मांडीवरच्या तिकिटाची कड दुमडताहेत. मग मान न वळवता, मराठीत, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, “मला एकट्याला भीती वाटते गं.”

मी पुढे वाकले. परक्या पुरुषाशी तिथे मी कधीच बोलले नव्हते.

“मलाझ चलो, भाईसाब,” मी म्हणाले. “जल्दी.”