दोन जंगलं आणि एक अँब्युलन्सवाला

सत्तावीस वर्षं त्यांनी अँब्युलन्स चालवली. हॉस्पिटलात सगळे त्यांना 'वारा' म्हणत. शहरातलं प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा त्यांना तोंडपाठ. पण रस्त्याकडेला झाडं कसली आहेत हे विचाराल तर शप्पथ!

रिटायर होऊन आठ दिवस झाले तेव्हा बायकोनं शिवणाच्या टेबलावरचे युनिफॉर्मचे तुकडे बाजूला सारले आणि नकाशा अंथरला.

"तीन दिवस. दोन राष्ट्रीय उद्यानं, एकेक मुक्काम. तुम्ही, मी आणि अक्का."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. "जन्मभर फळ्यावर जंगल काढलं," ती म्हणाली, "आता खरं बघू दे."

वाऱ्यानं लगेच कागद ओढला. पाच वाजता निघणे. सहा चाळीस, पूल. आठ दहा, पहिल्या उद्यानाचं फाटक. वाटेतली हॉस्पिटलं लाल पेनानं. अक्कानं चष्मा वर करून ते वाचलं.

"अरे, सगळं झकास आहे. फक्त पेशंट कुठाय यात?"

बायको इतकी हसली की गळ्यातली टेप खाली पडली.

"हसा! पण उशीर झाला तर?"

"कशाला उशीर?" अक्कानं विचारलं.

उशीर म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लाल पेनाचं टोपण लावत ते हळूच म्हणाले, "मला सावकाश गाडी चालवता येते का, तेच माहीत नाही गं."

"मग शिका," बायको म्हणाली. "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं होय?"

त्या रविवारी तालीम झाली. धरणापर्यंत जायचं, काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही. चढावर एका सायकलवाल्यानं त्यांना मागे टाकलं. वाऱ्याचे कान लाल झाले. अक्कानं मात्र खिडकीतून हात काढून सायकलवाल्याला शाबासकी दिली. परत आल्यावर वेळापत्रक फाडलं गेलं. बायकोनं नव्या कागदावर एकच नियम लिहिला: कुणीही 'थांब' म्हटलं की थांबायचं.

पुढच्या आठवड्यात ते निघाले. पहिल्या उद्यानात नदीकाठच्या वळणावर अक्का ओरडली, "थांब!"

इंजिन बंद झालं. समोरच्या खडकावर पाणमांजरांचं अख्खं बिऱ्हाड होतं. पिल्लं चिखलावरून घसरत पाण्यात पडत होती, वर चढत होती, पुन्हा घसरत होती.

"आता काय करायचं?" वाऱ्यानं कुजबुजत विचारलं.

"काही नाही. बघायचं."

एका पिल्लानं आईच्या तोंडातला मासा पळवला आणि ते थेट तिच्याच अंगावर आपटलं. वारा असा खदाखदा हसला की बायको बघतच राहिली. असं हसणं तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं. वनरक्षक फाटक बंद व्हायची वेळ सांगायला आला, तेव्हा कुठे त्यांना कळलं की दुपार सरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या उद्यानाकडे निघायचं होतं. वाऱ्यानंच विषय काढला.

"ते राहू द्या. पुन्हा नदीवर जाऊ."

"आणि पाणमांजरं नाही आली तर?"

"नाही तर नाही. आपण आहोतच की!"

नाहीच आली. तिघं गुडघाभर पाण्यात पाय सोडून बसले. अक्का झाडांची नावं सांगत होती आणि वारा एकेक नाव मोठ्यानं म्हणून बघत होता.