आधी परवानगी, मग घर

शहाद्यात नगरपालिकेसमोरच्या गल्लीत माझं नकाशे काढायचं ऑफिस आहे. बांधकाम परवानगीच्या फायली इथून जातात, कधीतरी मंजूर होऊन येतात. पण फायलींमागची माणसं बाकावर बसून जे बोलून जातात, ते कुठल्याच खिडकीवर जमा करता येत नाही! चहा आला की मग एकेक आठवायला लागतं.

*

आमच्याकडची पद्धत अशी : आधी घर बांधायचं, वास्तुशांत करायची, पाव्हणे जेवून गेले की परवानगीचं बघायचं. उलटा निघाला तो एकच माणूस. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, भिला आप्पा. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "भाऊ, तिकीट काढाबिगर गाडीमा बसनं नही. परवानगी येस नही तवलोंग मी एक ईट लावाव नही!"

आप्पांचा प्लॉट होता त्या गल्लीला हे पटेना. प्लॉटशेजारी रफिकभाई राहतात, खिडक्यांचे ग्रिल बनवतात. ते हळूच येऊन मला विचारून गेले, "भाई, आप्पा के प्लॉट का कुछ लफडा है क्या?"

मला आप्पांचा राग यायचा तो सुमनकाकूंमुळे. काकूंचा सगळा संसार बदलीच्या गावी, भाड्याच्या खोल्यांत झाला. नळ एकीकडे, गॅस दुसरीकडे. आता स्वतःचं स्वयंपाकघर हवं, एवढंच त्यांचं मागणं. आणि नवरा परवानगीची वाट बघत बसलेला!

*

मध्येच तापीकाठचे दगुभाई पाटील आले. कापूस-केळीवाले शेतकरी, मुलांच्या शाळेसाठी शहाद्यात घर बांधायचं होतं. मी म्हटलं, "पार्किंग दाखवावंच लागतं." आणि नकाशात गाडीचा चौकोन काढून दिला.

"यामा ट्रॅक्टर मावस का?"

"नाही."

"ट्रॉली?"

"तीही नाही."

दगुभाईंनी नकाशा उलटा-सुलटा फिरवून बघितला. "मंग अस करा. ट्रॅक्टर बेडरूममा दावा, आम्ही पार्किंगमा झोपसूत!"

*

हल्ली नकाशा आधी कॉम्प्युटर तपासतो. आप्पांचा नकाशा नापास होऊन आला. कारण : एक खोली नियमापेक्षा लहान. बघतो तर देवघर! मी समजावलं, "आप्पा, मशीनला देव कळत नाही. ते देवघरालाही खोली समजून मोजतं."

आप्पा म्हणाले, "मंग त्याले सांगा ना, मन्हा देव उभाच ऱ्हातस. त्यास्ले खाट लागत नही!"

शेवटी देवघराच्या जागी 'कपाट' लिहिलं आणि मशीन खूश झालं. काकू मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. देवांना कपाटात कोंडणारा माणूस मी!

*

रफिकभाईंच्या मुलीचं लग्न निघालं. गल्लीत मोकळी जागा एकच, आप्पांचा प्लॉट! तिथे मांडव पडला. बांबू, पत्रे, जनरेटर, सगळा थाट. कुणीतरी फोटो काढून तक्रार केली आणि गावातल्या एकुलत्या एक कायदेशीर माणसाला नोटीस आली. विनापरवाना बांधकाम!

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. मग स्वतः बसून खुलासा लिहिला, लग्नपत्रिका सोबत जोडली. खुलाशात एकच ओळ : "सदर बांधकाम वऱ्हाड गेल्यावर आपोआप पडले आहे."

*

आप्पांना परवानगी मिळाली. सध्या स्लॅबचं काम चालू आहे. पण परवानगीआधी नगरपालिकेचे साहेब जागा बघायला आले होते, तो किस्सा मी अजून सांगतो.

झालं असं की, काकू एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, तुमना कागद माले समजत नही. जागावर काढी दावा." मी चुन्याची फक्की घेऊन गेलो आणि प्लॉटवर सगळं घर आखून दिलं. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर. दारांच्या जागी रेघ मोकळी सोडली. आप्पांनी आधी खात्री करून घेतली, "फक्कीले परवानगी लागत नही ना?"

दुसऱ्या दिवसापासून काकू तिथे राहायला लागल्या म्हणा ना! संध्याकाळी स्टोव्ह घेऊन जायच्या, स्वयंपाकघराच्या चौकोनात चहा करायच्या. आप्पांना हॉलमध्ये बसवायच्या. चपला दाराबाहेर. रेघ पुसली की स्वतः फक्की भरायच्या. गल्लीतल्या बायकाही दारातूनच यायला लागल्या.

साहेब आले तेव्हा काकूंचा चहा उकळत होता. नवीन, तरुण इंजिनियर, पुण्याकडचे. जागा मोकळी आहे असा शेरा त्यांनी दिला, की परवानगी. ते टेप घेऊन सरळ आत निघाले.

"साहेब, भितमाईन काय ई ऱ्हायनात? दरवाजा आठे शे ना!" काकू स्टोव्हजवळून ओरडल्या.

साहेबांचा एक पाय भिंतीच्या रेघेपलीकडे, बेडरूममध्ये. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रफिकभाईंच्या ग्रिलकडे बघायला लागलो. आप्पा हॉलमध्ये ताठ बसलेले.

साहेबांनी पाय मागे घेतला. रेघेरेघेने फिरून दाराशी आले, बूट काढले आणि आत आले. हॉलमध्ये आप्पांशेजारी बसून चहा प्यायले. टेपने मापं घेतली, तीही रेघ न ओलांडता. जाताना दाराशी बूट घालत मला हळूच विचारलं, "जागा रिकामी आहे, असं लिहू ना?"

काकूंचे कान तिखट. कपबशा गोळा करता करता त्या म्हणाल्या,

"रिकामी? मंग तुम्ही चहा कोठे लिधा, साहेब?"