बाई एक्क्याण्णववर

"एक वर ठेवावा," असं म्हणत दादा डब्यातली जास्तीची पोळी माझ्यापुढे सरकवायचे. दहा वस्तू आणायला सांगा, अकरा आणणार. शून्यावर काही संपलेलं त्यांना खपायचं नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

अमेरिकेतल्या एका थंड गावात, विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात आमच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या. ते अकोल्याचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी दादा म्हणायचो.

२००६ साली तिथल्या एका प्राध्यापकांनी इंटरनेटवर खोटा शेअर बाजार काढला. पैसे नाहीत, नुसते गुण. अमेरिकेच्या संसदेतली आमच्या भागाची जागा कोणता पक्ष जिंकणार, त्यावर शेअर. पक्ष जिंकला तर शेअरचे शंभर, हरला तर शून्य. सुरुवातीला प्रत्येकाला ढीगभर गुण आणि शेअर फुकट. घेतले की भाव चढे, विकले की उतरे.

मत द्यायचा हक्क आम्हा दोघांनाही नव्हता. पण दादांचा जीव त्या भावात अडकला होता. वहिनी आईच्या आजारपणासाठी अकोल्याला गेल्या आणि परतीचा व्हिसा सात महिने लटकला. आमच्या भागाच्या खासदार बाईंच्या ऑफिसने त्यासाठी वकिलातीला दोन पत्रं लिहिली होती. बाई पडल्या तर सगळं पुन्हा पहिल्या फॉर्मपासून. म्हणून दादा रोज बाईंच्या पक्षाचे शेअर घ्यायचे आणि भाव चढला की म्हणायचे, "पाह्य राजा, लोकायले वाटून राह्यलं बाई येणार!"

भाव त्यांनीच चढवलेला असे, पण ते मला नंतर कळलं.

तासाभरात तो घसरायचा. "कोणी तरी विकून राह्यलं बे. आतला माणूस दिसते. त्याले काही तरी माहीत आहे."

तो आतला माणूस म्हणजे मी. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि डिग्री संख्याशास्त्राची. सगळे सर्व्हे सांगत होते, बाई पडणार. मग मी कशाला घाबरू? शंभर-शंभर विकत सुटलो. कोण घेतंय ते दिसत नसे, फक्त आकडा दिसे. अकरा. एकवीस. एक्कावन्न. मला वाटलं, पक्षाची काही तरी गुप्त पद्धत असणार.

एका दुपारी जेवता जेवता दादांच्या स्क्रीनकडे नजर गेली. खरेदीच्या चौकटीत एकवीस टाकत होते. अख्ख्या बाजारात आम्ही दोघंच होतो!

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या दुपारपासून मीही घ्यायला लागलो.

बाई एक्क्याण्णववर गेल्या. "आतला माणूस फिरला!" म्हणून दादांनी ऑफिसभर चिवडा वाटला. बाईंच्या ऑफिसला फोन लावून कळवलं, "मॅडम नाइन्टी-वनला आहेत." पलीकडची मुलगी आधी "थँक यू, सर" म्हणाली, मग तिने विचारलं, "कशात?" प्राध्यापकही हडबडले. सर्व्हे एक सांगतात, बाजार दुसरंच. म्हणजे बाजाराला आतलं काही कळलंय, यावर त्यांनी व्याख्यान ठेवलं. आम्ही दोघं पहिल्या रांगेत. दादांनी नोट्स काढल्या.

बाई पडल्या. चांगल्याच आपटल्या.

दुसऱ्या दिवशी दादा स्क्रीनवरच्या शून्याकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "दादा, जानेवारीत नवे साहेब येतील. फॉर्म आपण मिळून भरू."

"तिले येता येत नाही, तर मी जातो," ते म्हणाले. "त्याले कोणाची सही लागते?"

डिसेंबरात खरंच निघाले. विमानतळाच्या बसमध्ये चढताना, पायरीवर एक पाय ठेवून वळले. "आन् ते शंभर-शंभर विकणं बरं नाही, राजा. एक वर ठेवत जा."

दार लागलं. मी बर्फात तसाच उभा.

२००८ साली तो बाजार पुन्हा उघडला. आमची सकाळ, म्हणजे अकोल्याची संध्याकाळ. पाठीमागच्या खुर्चीवर एव्हाना प्रिंटरच्या कागदांचे गठ्ठे होते. बाजारात कुणी फिरकलं नव्हतं. तेवढ्यात पहिली खरेदी झाली. बाईंच्याच पक्षाचे, अकरा.

मी एकशे एक घेतले.